लॅटिन नृत्याचे सायंवर्ग : 'सर्वांसाठी' म्हणजे कोणासाठी?

नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा परिसर हा आदिवासी मुलुख. तेथे लग्नसराईत किंवा होळीच्या दिवसांत संध्याकाळी ढोल वाजू लागला, की रिंगणात येणाऱ्याला 'नाच येतो का' असे कोणी विचारत नाही. वृद्धांपासून शाळकरी मुलांपर्यंत सारे एका साखळीत येतात. ज्याला येते तो पुढे असतो. ज्याला येत नाही तो शेजाऱ्याचा हात धरून मागे चालतो आणि चालता चालता शिकतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मात्र नाच हा वर्गात जाऊन, शुल्क भरून शिकण्याचा विषय झाला आहे. कचेरी सुटल्यावर तासाभरासाठी भरणाऱ्या या वर्गांत लॅटिन नृत्यांना मोठी मागणी असते, आणि त्यांच्या जाहिरातींत एक शब्दप्रयोग हमखास आढळतो : 'सर्व श्रेणींसाठी खुला'.

हा शब्दप्रयोग आकर्षक असला तरी त्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी सारखा नसतो. कधी नाच न येणाऱ्या माणसाला खरोखर सामावून घेण्याची तयारी त्यामागे असते, तर कधी केवळ जागा भरण्याची निकड. लॅटिन नृत्ये म्हणजे काय, ती कोठून आली, त्यांच्या वर्गांत काय शिकवतात आणि मिश्र श्रेणींचा वर्ग चांगला केव्हा ठरतो, याची माहिती असल्यास इच्छुकाला निवड करणे सोपे जाते.

'लॅटिन' या नावाखाली काय काय?

या नावाखाली दोन वेगवेगळी घराणी नांदतात. पहिले घराणे स्पर्धेचे. जागतिक स्पर्धांमध्ये 'लॅटिन' विभागात पाच नृत्ये असतात : सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो दोब्ले आणि जाइव्ह. यांतील सांबा ब्राझीलचा, चा-चा-चा आणि रुंबा क्युबाचे. पासो दोब्लेचे मूळ स्पेनमधील बैलझुंजीच्या संगीतात आहे, तर जाइव्ह उत्तर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्विंग नृत्यांतून आला. उलट, अर्जेंटिनात जन्मलेला टँगो या विभागात नाही. त्याची गणना वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉटसोबत 'स्टँडर्ड' विभागात होते. म्हणजेच 'लॅटिन' ही भूगोलाची नव्हे, तर स्पर्धेच्या सोयीची वर्गवारी आहे. ती प्रामुख्याने इंग्लंडमध्ये आकाराला आली. लंडनमध्ये १९०४ साली स्थापन झालेल्या 'इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग'सारख्या संस्थांनी नृत्यांचे अभ्यासक्रम बांधले, कांस्य-रौप्य-सुवर्ण अशा परीक्षा सुरू केल्या आणि पावलांना ठरावीक नावे दिली.

दुसरे घराणे सामाजिक नृत्यांचे. साल्सा, बचाता आणि मेरेंगे ही त्यातील प्रमुख नावे. येथे परीक्षक नसतो आणि गुणही नसतात. संगीत सुरू झाल्यावर समोर येईल त्या जोडीदाराबरोबर, आधी न ठरवता नाचता येणे, ही या नृत्यांची कसोटी. शहरांतील बहुतेक सायंवर्ग याच घराण्यातील असतात.

दोन गैरसमज येथेच दूर करणे आवश्यक आहे. फ्लेमेंको हे स्पेनच्या आंदालुसिया प्रांताचे नृत्य असून लॅटिन वर्गांत त्याचा समावेश होत नाही. झुंबा हा कोलंबियातील नृत्यशिक्षक बेतो पेरेझ यांनी विकसित केलेला व्यायामप्रकार आहे. त्यात संगीत बरेचसे लॅटिन असले तरी जोडीदार नसतो, आणि वर्षभर झुंबा केलेल्या व्यक्तीला जोडीने साल्सा येईलच असे नाही.

गरिबांच्या वस्तीतून दिवाणखान्यात

या नृत्यांचा इतिहास आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांपासून सुरू होतो. क्युबा, ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांत आफ्रिकी ढोलांचे ठेके आणि स्पॅनिश-पोर्तुगीज गीतनृत्ये एकत्र आली. त्यांतून जे निर्माण झाले त्याकडे तेथील उच्चभ्रू समाजाने दीर्घकाळ तुच्छतेने पाहिले.

सांबाचे उदाहरण बोलके आहे. रिओ दि जानेरोमधील एस्तासिओ या वस्तीत १९२८ मध्ये 'देइशा फालार' हा गट स्थापन झाला. त्यालाच पहिली 'सांबा शाळा' म्हणतात. मात्र या शाळेत इयत्ता नव्हत्या. रिओच्या सांबा शाळा म्हणजे मोहल्ल्याची मंडळे. कार्निव्हलपूर्वी तेथे रात्री तालमी भरतात आणि लहानथोर सारे त्यांत सामील होतात. आपल्याकडील ढोल-लेझीम पथकांशी त्यांचे साम्य सहज लक्षात येईल.

बचाताची कहाणी मराठी वाचकाला लावणीची आठवण करून देईल. डॉमिनिकन प्रजासत्ताकात १९६० च्या दशकात ध्वनिमुद्रित होऊ लागलेले हे संगीत दारूच्या गुत्त्यांचे आणि हलक्या वस्त्यांचे मानले जाई. प्रतिष्ठित घरांत ते वर्ज्य होते. हुआन लुइस गेर्रा या गायक-संगीतकाराच्या 'बचाता रोसा' (१९९०) या संग्रहानंतर त्याला प्रतिष्ठा लाभली. २०१९ मध्ये युनेस्कोने बचाताचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. क्युबन रुंबा आणि डॉमिनिकन मेरेंगे यांना हा मान २०१६ मध्येच मिळाला होता.

चा-चा-चाचा जन्म आणखी अलीकडचा. क्युबातील व्हायोलिनवादक आणि संगीतकार एन्रिके होर्रिन यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी नाचणाऱ्यांना झेपेल अशी सोपी, संथ लय बांधली. नाचणाऱ्यांच्या पावलांच्या घासण्याचा जो आवाज होई, त्यावरून नृत्याला हे नाव पडले. सर्वसामान्यांना नाचता यावे म्हणून संगीतकाराने लय बदलली, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

'साल्सा' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ चटणी किंवा सॉस. क्युबन सोन, माम्बो आणि इतर अनेक शैलींच्या मिश्रणाला हे नाव रूढ झाले ते न्यूयॉर्कमध्ये, प्वेर्तो रिको आणि क्युबातून आलेल्या स्थलांतरितांच्या वस्त्यांत. जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या 'फानिया रेकॉर्ड्स' या कंपनीने १९७० च्या दशकात हे संगीत जगभर नेले.

महाराष्ट्राची जुनी ओळख

मराठी श्रोत्यांना लॅटिन ठेका अगदीच परका नाही. पुणतांब्यात जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र तथा रामचंद्र नरहर चितळकर यांनी १९५० च्या सुमारास हिंदी चित्रपटात तो लोकप्रिय केला. 'समाधी' (१९५०) मधील त्यांच्या एका गाजलेल्या गाण्याची चाल लंडनस्थित वाद्यवृंदप्रमुख एडमुंडो रोस यांनी लोकप्रिय केलेल्या लॅटिन गीतावर बेतलेली होती. त्यानंतरच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात बोंगो, ट्रंपेट आणि सॅक्सोफोनच्या साथीवर भगवानदादा पालव आणि गीता बाली नाचले. भगवानदादांची ती साधी, खांदे-गुडघ्यांच्या हलक्या लयीची पावले महाराष्ट्रातील मिरवणुकांत आजही दिसतात. कोणत्याही वर्गाविना एक नृत्यशैली घराघरांत पोहोचल्याचे हे ठळक उदाहरण होय.

या संगीतामागे गोमंतकीय वादक होते. 'चिक चॉकलेट' या नावाने प्रसिद्ध असलेले ट्रंपेटवादक अँटोनिओ झेवियर व्हाझ हे मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवीत आणि सी. रामचंद्र यांच्या ध्वनिमुद्रणांतही सहभागी होत. 'अलबेला'त ते पडद्यावरही दिसतात. गोव्यात तर पोर्तुगीज अमदानीपासून जोडीने नाचण्याची रीत होती. समोरासमोर दोन रांगा करून, हातात पंखे आणि रुमाल घेऊन सादर होणारा एकोणिसाव्या शतकातील 'मांडो' हा युरोपीय दिवाणखाना आणि कोकणी गीत यांच्या मिलाफातून घडला.

उर्वरित महाराष्ट्रात मात्र स्त्री-पुरुषांनी जोडीने नाचण्याची प्रथा मध्यमवर्गीय घरांत रुजली नाही. पुरुषांना गणपतीची मिरवणूक होती, स्त्रियांना मंगळागौर आणि भोंडला. चाळिशी ओलांडलेल्या नोकरदाराने संध्याकाळी केवळ स्वतःच्या आनंदासाठी नाचायला जावे, ही कल्पना फारशी परिचित नव्हती. २००६ मध्ये 'झलक दिखला जा' हा बीबीसीच्या कार्यक्रमावर आधारलेला दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला आणि चा-चा-चा, रुंबा, साल्सा ही नावे घरोघरी पोहोचली. या प्रसिद्धीची दुसरी बाजू अशी, की लॅटिन नृत्य म्हणजे झगमगते कपडे, उचलाउचली आणि गुण, असा समज दृढ झाला. वर्गात पहिल्या दिवशी येणाऱ्याच्या मनातील भीती बहुधा याच प्रतिमेतून आलेली असते.

आठ मात्रांचा हिशेब

प्रत्यक्षात आरंभ फार साधा असतो. साल्साचे आवर्तन आठ मात्रांचे मोजतात. एक, दोन, तीन या मात्रांवर पाऊल टाकायचे, चौथी सोडायची. पाच, सहा, सात वर पाऊल टाकायचे, आठवी सोडायची. पुढाकार घेणारी व्यक्ती पहिल्या मात्रेला डावे पाऊल पुढे टाकते, दुसऱ्या मात्रेला वजन मागच्या उजव्या पायावर घेते आणि तिसऱ्या मात्रेला पाय जुळवते. पाचव्या मात्रेपासून हीच क्रिया उजव्या पायाने मागे जात करायची. समोरची व्यक्ती त्याच वेळी आरशातील प्रतिबिंबासारखी हालचाल करते.

केहेरवा ऐकत वाढलेल्या कानांना हा हिशेब अवघड जात नाही. केहेरव्यातही मात्रा आठच. समेनंतर पाचव्या मात्रेला खाली येते, तसे साल्सात पाचव्या मात्रेला पावलांची दिशा उलटते. साम्य केवळ मोजणीपुरते आहे. ठेक्याचे वजन वेगळे पडते. क्युबन संगीताचा कणा म्हणजे 'क्लावे' : टिपऱ्यांसारख्या दोन आखूड काठ्यांवर वाजणारा पाच ठोक्यांचा आकृतिबंध. आठ मात्रांच्या पहिल्या अर्ध्यात तीन आणि दुसऱ्या अर्ध्यात दोन ठोके पडतात, किंवा याच्या उलट. नवशिक्याला क्लावे सुरुवातीला ऐकू येत नाही. तो ऐकू येऊ लागला, की मोजणी आपोआप सुटते.

इतर नृत्यांचे मूळ पाऊल असेच थोडक्यात सांगता येते. मेरेंगेत प्रत्येक मात्रेला एक पाऊल, जणू जागच्या जागी चालणे. म्हणून अनेक शिक्षक पहिल्या दिवशी तेच शिकवतात. बचातात तीन पावले एका बाजूला आणि चौथ्या मात्रेला हलका टेका. चा-चा-चात दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेला संथ पावले आणि त्यानंतर तीन झटपट पावले. स्पर्धेतील रुंबा सर्वांत संथ, मिनिटाला सुमारे २५ ते २७ आवर्तनांचा, आणि संथ असल्यामुळेच तोल सांभाळण्यास सर्वांत कठीण.

कमरेच्या हालचालीविषयी बरेच कुतूहल आणि तितकाच संकोच आढळतो. ती हालचाल मुद्दाम करायची नसते. वाकलेला गुडघा सरळ करीत वजन त्या पायावर पूर्ण टाकले, की नितंब आपोआप बाजूला सरकतो. ज्याने वजन पूर्ण टाकले नाही त्याला कंबर ओढूनताणून हलवावी लागते आणि ती तशीच दिसते.

फुगडीतून कळणारी गोष्ट

जोडीच्या नृत्यातील खरी विद्या पावलांत नसून हातांत असते. समोरच्याला शब्द न उच्चारता दिशा सांगणे आणि ती ओळखून प्रतिसाद देणे, या दोन भूमिका असतात. वर्गात त्यांना 'लीड' आणि 'फॉलो' म्हणतात. लीड म्हणजे ओढणे नव्हे आणि फॉलो म्हणजे फरफटत जाणे नव्हे.

ज्यांनी फुगडी घातली आहे त्यांना हे तत्त्व चटकन कळते. फुगडीत दोघी एकमेकींचे हात धरून मागे झुकतात. प्रत्येकीचा तोल दुसरीच्या वजनावर उभा असतो. एकीने हात सैल सोडला तर दोघी पडतात. एकीने हिसका दिला तर गती तुटते. साल्सातील हातांचा ताण फुगडीपेक्षा कितीतरी हलका असतो, परंतु नियम तोच : हात सैलही नको आणि ताठही नको.

भूमिका परंपरेने पुरुषाकडे लीड आणि स्त्रीकडे फॉलो अशा वाटल्या गेल्या असल्या, तरी अलीकडे अनेक वर्गांत दोन्ही भूमिका सर्वांना शिकवतात. वर्गात स्त्री-पुरुषांची संख्या सारखी नसेल तेव्हा त्याचा व्यावहारिक उपयोग होतोच. शिवाय दुसरी बाजू केल्याखेरीज आपल्या हाताचा समोरच्याला होणारा त्रास कळत नाही.

श्रेणी कशा ओळखाव्यात?

वर्गांत साधारणपणे तीन श्रेणी मानल्या जातात. प्राथमिक श्रेणीत मूळ पाऊल, ताल ओळखणे, उजवे वळण आणि सोपे हातबदल येतात. मध्यम श्रेणीत दोन-तीन हालचाली एकमेकींत गुंफणे, जागा बदलणे आणि संगीतातील थांबे ओळखणे अपेक्षित असते. प्रगत श्रेणीत सलग गिरक्या, वेगवेगळ्या मात्रेवर नाचण्याच्या शैली आणि संगीतानुसार उत्स्फूर्त बदल यांवर भर असतो.

श्रेणी किती महिन्यांत पार होते, याला ठाम उत्तर नाही. आठवड्यातून किती वेळा सराव होतो, यावर ते अवलंबून राहते. मात्र एक खूण विश्वासार्ह समजली जाते. नव्या हालचाली पाठ असणे म्हणजे प्रगती नव्हे. अनोळखी जोडीदाराबरोबर, ऐनवेळी लागलेल्या गाण्यावर, ताल न सोडता आणि समोरच्याला न दुखवता तीन मिनिटे नाचता आले, तर शिकणारा प्राथमिक श्रेणीतून बाहेर पडला असे म्हणता येते. पन्नास हालचाली पाठ असूनही जो ठरलेल्या एकाच जोडीदाराबरोबर नाचू शकतो, तो अद्याप बाहेर पडलेला नाही.

मिश्र वर्गाचा एक तास

सर्व श्रेणींचा एकत्र वर्ग चालवणे हे स्वतंत्र श्रेणींच्या वर्गापेक्षा कठीण काम आहे. चांगल्या वर्गाची रचना साधारण अशी असते. पहिली दहा मिनिटे घोटे, गुडघे, कंबर आणि खांदे मोकळे करण्याची. पुढची पंधरा मिनिटे सर्वांनी मिळून मूळ पावलाची. यात प्रगत विद्यार्थ्यालाही सूट नसते, कारण मूळ पाऊल संपत नाही, ते फक्त स्वच्छ होत जाते. त्यानंतर शिक्षक एकच हालचाल तीन थरांत देतात. नवशिक्याने साधे वळण करायचे, मध्यमाने त्यात हातबदल घालायचा, प्रगताने दुसरी गिरकी जोडायची. मात्रा सर्वांच्या सारख्याच असल्याने कोणीही कोणाबरोबर उभे राहू शकते.

अखेरच्या भागात जोडीदार बदलत नाचायचे. सर्वजण वर्तुळात उभे राहतात आणि शिक्षकाने सांगितले, की एका बाजूची मंडळी पुढच्या जोडीदाराकडे सरकते. अनुभवी जोडीदाराबरोबर दोन मिनिटे नाचल्याने नवशिक्याला जे कळते, ते अर्ध्या तासाच्या व्याख्यानाने कळत नाही. अनुभवी व्यक्तीचाही लाभ होतो. नवशिक्याला समजेल इतका स्वच्छ इशारा देता येणे, ही तिची परीक्षा असते.

क्युबात या बदलाचेच नृत्य झाले आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हवानात रूढ झालेल्या 'रुएदा दे कासिनो'मध्ये जोड्या वर्तुळात नाचतात, एकजण हालचालीचे नाव पुकारतो आणि क्षणात सर्व जोडीदार बदलतात. 'रुएदा' म्हणजे चाक.

मिश्र वर्ग फसतो तेव्हा त्याची चिन्हेही स्पष्ट असतात. जुने विद्यार्थी आरशासमोरच्या पहिल्या रांगेत, नवे मागे; जोड्या ठरलेल्या; शिक्षकाचे लक्ष वार्षिक कार्यक्रमात नाचणाऱ्या चौघांवर; आणि नवशिक्याला 'हळूहळू येईल' एवढेच उत्तर. अशा ठिकाणी 'सर्वांसाठी' हा शब्द जाहिरातीपुरताच उरतो.

स्पर्श आणि नकार

मराठी मध्यमवर्गीय माणसाला, विशेषतः स्त्रियांना, या वर्गांबाबत पडणारा पहिला प्रश्न अनोळखी स्पर्शाचा असतो, आणि तो रास्त आहे. हात कोठे ठेवायचा हे या नृत्यांत ठरलेले आहे : लीड करणाऱ्याचा उजवा हात समोरच्या व्यक्तीच्या खांद्याच्या पात्यावर, दुसरे हात हलकेच जोडलेले. किती जवळ उभे राहायचे, हे अंतर जास्त हवे असणारी व्यक्ती ठरवते. बचाताच्या काही शैलींत जोडी फार जवळ नाचते. परंतु मोकळ्या अंतरावरही बचाता पूर्णपणे नाचता येतो.

नाचण्याची विनंती नाकारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे आणि नकाराचे कारण द्यावे लागत नाही. वर्गात शिक्षकाखेरीज कोणी कोणाच्या चुका काढू नयेत, न सांगता कोणाला उचलू किंवा मागे झुकवू नये, हे नियम जेथे पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगितले जातात, तेथे नव्या माणसाला सुरक्षित वाटते. तक्रार कोणाकडे करायची हेही ठाऊक असले पाहिजे. संध्याकाळी उशिरा सुटणाऱ्या वर्गातून घरी परतण्याची सोय हा भागही स्त्रियांच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा. यांशिवाय स्वच्छ रुमाल, घामाने भिजल्यास बदलण्यासाठी जादा शर्ट, आणि टोकदार अंगठ्या किंवा बांगड्या काढून ठेवणे, हा साधा शिष्टाचार आहे.

पादत्राणे, फरशी आणि गुडघे

नृत्यासाठी खास बूट पहिल्या महिन्यात घेण्याची गरज नसते. मात्र रबरी तळव्याचे खेळाचे बूट टाळावेत. वळताना तळवा फरशीला चिकटून राहतो, शरीर फिरते आणि पीळ गुडघ्याला पडतो. पातळ चामडी तळव्याचे, पायात घट्ट बसणारे बूट पुरेसे होतात. गुळगुळीत लादीवर पाणी किंवा घाम सांडला तर घसरण्याचा धोका असतो. लाकडी फरशी उत्तम. थेट सिमेंटवर दीर्घकाळ नाचल्यास नडग्या आणि टाचा दुखतात. गुडघ्यांचा, कमरेचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन आरंभ करावा आणि शिक्षकाला तशी कल्पना द्यावी.

आरोग्याच्या दृष्टीने जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची शारीरिक हालचाल सुचवते. तासाभराचे दोन वर्ग आणि थोडा घरचा सराव यांत ती भरून निघू शकते. न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा दीर्घकाळ अभ्यास करून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, नियमित नाचणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले होते. नाचामुळेच ते कमी झाले असे त्यातून सिद्ध होत नाही. तरीही ताल, जागा आणि जोडीदार यांकडे एकाच वेळी लक्ष द्यावे लागणारा हा व्यायाम मेंदूलाही काम देतो, हे उघड आहे.

सातपुड्याकडून पाहताना

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या या जिल्ह्यात भिल्ल, पावरा, कोकणा, मावची आदी समाजांत नाच हा वर्षाच्या कामकाजाचा भाग आहे. लग्नात ढोल, थाळी आणि पावरी वाजते. हात गुंफून किंवा कमरेला विळखा घालून रांगा फिरतात. सीमापट्ट्यातील 'टिमली'त तर बँडच्या तालावर लांबच लांब रांगा एकाच पावलावर पुढे-मागे होतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठी संस्थानची होळी याहून भव्य. कमरेला घुंगरू आणि वाळलेले दुधी भोपळे, डोक्यावर मोरपिसांचे टोप अशा वेशातील नर्तक तेथे रात्रभर नाचतात आणि पहाटे होळी पेटते.

या परंपरेतही सारे काही सर्वांना खुले नसते, हे ध्यानात घेतले पाहिजे. होळीत विशिष्ट वेश धारण करणारे नर्तक व्रतस्थ राहून काही दिवसांचे नियम पाळतात. तो मान इच्छा झाली म्हणून मिळत नाही. मात्र ढोलाभोवतीच्या रिंगणाला दार नसते. तेथे श्रेणी आहे, पण ती रांगेतील जागेने ठरते आणि नाचता नाचता बदलते. रांगेच्या टोकाचा माणूस पाऊल बदलतो, शेजारच्याला ते हाताच्या ओढीतून कळते आणि बदल साखळीभर पोहोचतो. साल्साच्या वर्गात 'लीड-फॉलो' या नावाखाली जे शिकवतात, त्याच्याशी हे फार मिळतेजुळते आहे.

धानोऱ्याहून पुणे-मुंबईपेक्षा सुरत जवळ. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी या शहरांत गेलेल्या तरुणाने लॅटिन नृत्याच्या वर्गात प्रवेश घेतला, तर त्याला नवशिक्यांत उभे करतील. पावलांची नावे त्याला ठाऊक नसतात. परंतु दुसऱ्याचा हात धरून एका तालावर रात्रभर चालण्याची सवय, जी शहरी विद्यार्थ्याला पहिले कित्येक आठवडे जमत नाही, ती त्याच्या अंगात आधीच असते. चाणाक्ष शिक्षकाच्या हे पहिल्याच तासाला लक्षात येते.

उलट दिशेचा धडाही आहे. बचाता आणि सांबा यांना प्रतिष्ठा मिळाली ती त्यांचे संगीत ध्वनिमुद्रित झाले, पावले लिहून ठेवली गेली आणि परक्या माणसाला ती शिकवता येऊ लागली म्हणून. मात्र याच वाटेवर त्यांचा एक भाग स्पर्धेच्या मंचावर गेला आणि मूळ वस्तीला अनोळखी झाला. सातपुड्यातील नृत्येही शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि शासकीय महोत्सवांत दहा मिनिटांच्या मंचीय रूपात दिसतात. शिकवण्याची सोय आणि रिंगणाचा मोकळेपणा हे दोन्ही एकत्र टिकवणे, हा प्रश्न हवानाइतकाच नंदुरबारचाही आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी

इच्छुकाने पूर्ण शुल्क भरण्यापूर्वी एक वर्ग पाहावा किंवा करून पाहावा. काही प्रश्न थेट विचारावेत. वर्गात नेमके कोणते नृत्य शिकवले जाते : स्पर्धेचे की सामाजिक? एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतात? जोडीदार बदलले जातात का? एकट्याने आल्यास चालते का? महिन्याच्या मध्यावर आलेल्या नवशिक्यासाठी काय व्यवस्था आहे? चुकलेल्या तासांचे काय होते? वर्गानंतर मोकळ्या सरावाची वेळ असते का? वार्षिक कार्यक्रमासाठी वेगळे शुल्क आणि पोशाखाचा खर्च आहे का?

घरच्या सरावासाठी दहा मिनिटे आणि एक गाणे पुरते. तितो पुएन्ते किंवा सेलिया क्रूझ यांचे संगीत, अथवा १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला क्युबन वादकांचा 'ब्वेना व्हिस्टा सोशल क्लब' हा संग्रह ऐकत केवळ मूळ पाऊल करावे. आरशापेक्षा कानावर भर द्यावा.

शिकवण्याचा दर्जा जोखण्याची शेवटची कसोटी सोपी आहे. तास संपताना सर्वांत नवा विद्यार्थी कोठे उभा आहे, ते पाहावे. तो भिंतीशी एकटा उभा असेल, तर तो वर्ग प्रगतांचा आहे, जाहिरात काहीही म्हणो. तो कोणाचा तरी हात धरून चुकत का होईना, पण तालात नाचत असेल, तर तो वर्ग खरोखर सर्वांसाठी आहे.